एअरबॅगचा दिवा विझत नाही. मेकॅनिक रेझिस्टर लावतो म्हणतो, लावू का?

नका लावू.

तुमची गाडी 2020 ची, राहणं समा भागात, 2024 च्या पुरात गाडीत सीटच्या खालपर्यंत पाणी आलं होतं आणि आता महिनाभर दिवा पेटलेलाच, असं तुम्ही लिहिलंय. मी बडोद्यात बरीच वर्षं गाड्यांचं वायरिंग करतो. त्या पुरानंतर अशा गाड्या इतक्या आल्या, की सीट उचलायच्या आधीच वासावरून कळायचं.

आधी रेझिस्टरचं, म्हणजे करंटला अडवणाऱ्या त्या छोट्या तुकड्याचं. एअरबॅगच्या आतल्या, बॅग फुगवणाऱ्या स्फोटक दारूच्या पुडीला दोनेक ओहमचा रेझिस्टन्स असतो. इसीयू, म्हणजे एअरबॅग सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, तोच सारखा मोजत बसतो. बॅगच्या जागी तेवढाच रेझिस्टर जोडला की त्याला वाटतं बॅग जागेवर आहे, आणि दिवा विझतो. बॅग मात्र सर्किटच्या बाहेर. वायर खराब की बॅग, हे ठरवायला आम्हीही पाच मिनिटं तसा रेझिस्टर लावून बघतो, पण तो लावून गिऱ्हाइकाच्या हातात चावी देत नाही.

तुमच्या गाडीत माझा पहिला संशय सीटखालच्या पिवळ्या कपलरवर, म्हणजे वायरींच्या जोडणीवर. पट्टा आवळणाऱ्या यंत्रणेची किंवा साइड एअरबॅगची वायर बऱ्याच गाड्यांत तिथूनच जाते. कारेलीबागेतल्या एका काकांच्या गाडीत हेच होतं. कपलर उघडला तर आत विश्वामित्री नदीचा मऊ गाळ वाळून बसलेला, आणि पिनांवर हिरवा कळंक, पितळेच्या भांड्याला चढतो तसा. (त्या नदीतली मगर निघाली नाही, एवढंच नशीब.) साफ केलं, इसीयूत नोंदलेला बिघाडाचा कोड पुसला, दिवा गेला. चौथ्या दिवशी काका परत दारात. कार्पेट वरून कोरडं होतं, पण त्याखालचा जाड फेल्ट दाबला की पाणी यायचं, आणि ती ओल कपलरमध्ये चढत होती. सीट काढून फेल्ट दोन दिवस उन्हात टाकला, पिना खाल्लेला कपलर नवा घातला, तेव्हा कुठे सुटलं.

दुसरी जागा स्टेअरिंगमागचा क्लॉक स्प्रिंग. ही गुंडाळलेली चपटी पट्टी. स्टेअरिंग फिरलं तरी वायर तुटू नये म्हणून ती असते. ती तुटली की दिव्यासोबत बहुधा हॉर्न किंवा स्टेअरिंगवरची बटणंही बंद पडतात. नवी बसवताना ती बरोबर मध्यावर धरावी लागते, नाहीतर पहिल्याच पूर्ण वळणाला तुटते. हे काम घाईत करणाऱ्याकडे देऊ नका.

इसीयू बऱ्याच गाड्यांत गिअरच्या आसपास खाली, जमिनीलगत असतो. तो पाण्यात बुडला असेल तर बदलायचाच. वाळवून चालवू नका.

घरी स्वतः करणार असाल तर बॅटरीचा मायनस काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. बॅटरी काढली तरी इसीयूच्या कपॅसिटरमध्ये बॅग फोडण्याइतका करंट थोडा वेळ उरतो. आणि बॅगला मल्टिमीटर लावू नका, कितीही हात शिवशिवले तरी. मीटर स्वतः करंट सोडतो, म्हणून मॅन्युअल त्याला साफ मनाई करतं. पिवळा कपलर चावी चालू असताना काढू-घालू नका, कोड हमखास बसतो. तो नीट साफ करून ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवणं, एवढंच घरच्या हाताने करावं.

बाजारातला स्वस्त स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनचे ‘पी’ कोड वाचतो, एअरबॅगचे ‘बी’ कोड वाचत नाही. एअरबॅग वाचणारा स्कॅनर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा आणि पुसायच्या आधी कोड कागदावर लिहून घ्या. रेझिस्टन्स जास्त, शॉर्ट की अर्थला (गाडीच्या बॉडीला) लागलंय, हे त्यातच असतं, आणि कुठल्या बाजूचं तेही.

दिवा पेटलेला असेपर्यंत धडकेत बॅग उघडेलच असं धरून चालू नका. चावी फिरवल्यावर तो काही सेकंद लागून विझायला हवा. विझवून देणाऱ्यांपैकी काहीजण बल्बच काढतात, म्हणून मग तो मुळात पेटतो का हेही बघा.

हॉर्न वाजतो का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं कळवा, मग सीट उचलायची की स्टेअरिंग उघडायचं ते सांगतो.