शब्दांची विचारपूस : बटाट्याचं नाव मूळचं कुणाचं?

प्रश्न : मुलगी-जावई म्युनिकला असतात. यंदा आम्ही दोघं तीन महिने तिकडे राहून आलो. तिथल्या बाजारात बटाट्याला ‘कार्टोफेल’ म्हणतात. व्हिएन्नाला गेलो, तर भाषा तीच पण पाटीवर ‘एर्डएप्फेल’. ॲमस्टरडॅमला ‘आर्डापल’. नात शाळेत फ्रेंच शिकते, ती म्हणाली, “आजोबा, आमच्या पुस्तकात पॉम द तेर आहे.” आपला ‘बटाटा’ पोर्तुगीजांकडून आला एवढं ऐकून होतो. मग त्यांना तो कुठून मिळाला? आणि एवढ्याशा युरोपात एका भाजीला इतकी नावं कशी?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मी पुण्यात तीस वर्षं जर्मन शिकवलं. भाज्यांचा धडा आला की ‘कार्टोफेल’साठी मी मुद्दाम वेगळा तास ठेवायची. त्यामुळे आलेल्या पत्रांतलं तुमचंच आधी घेतलं.

तुमचा पोर्तुगीजांविषयीचा प्रश्न पहिला. ‘बटाटा’ हे नाव मुळात बटाट्याचं नाहीच, ते रताळ्याचं आहे. कोलंबस १४९२मध्ये कॅरिबियन बेटांवर पोचला, तेव्हा तिथले तैनो लोक रताळ्याला ‘बताता’ म्हणत. रताळं आणि त्याचं नाव, दोन्ही स्पेन-पोर्तुगालला गेलं. खरा बटाटा तिथून फार लांब, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथल्या केचुआ भाषेत तो ‘पापा’. तो युरोपात आला काही दशकांनी. स्पेनमधल्या सेव्हिल शहरातल्या एका रुग्णालयाच्या १५७३च्या हिशेबात त्याची खरेदी लिहिलेली आहे. दोन्ही कंद जमिनीखालचे, दोन्ही समुद्रापलीकडचे, त्यामुळे नावांची सरमिसळ झाली. ‘बताता’ आणि ‘पापा’ मिळून स्पॅनिश ‘पताता’ झाला. लॅटिन अमेरिकेतले स्पॅनिश बोलणारे लोक मात्र आजही ‘पापा’च म्हणतात. इंग्रजीतही ‘पोटॅटो’ आधी रताळंच होतं. जॉन जेरार्डने १५९७च्या आपल्या वनस्पतिग्रंथात बटाट्याला ‘व्हर्जिनियाचा पोटॅटो’ म्हटलं. बटाटा व्हर्जिनियाचा नव्हताच, पण रताळ्यापासून वेगळा दाखवायला काहीतरी जोडणं भाग होतं. पुढे पारडं फिरलं. नाव बटाट्याने घेतलं, आणि ते ज्याचं होतं त्या रताळ्याला ‘स्वीट’ हे विशेषण लावून घ्यावं लागलं. पोर्तुगीजांतही तसंच : बटाटा नुसता ‘बताता’, रताळं ‘बताता-दोस’, म्हणजे गोड बताता. तोच ‘बताता’ आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि त्याच्या दोन्ही ‘त’चे ‘ट’ झाले.

आता ॲमस्टरडॅम, व्हिएन्ना आणि नातीचं पुस्तक. आर्डापल, एर्डएप्फेल, पॉम द तेर : तिन्हींचा अर्थ एकच, ‘जमिनीतलं सफरचंद’. कच्चा बटाटा सफरचंदासारखा कुठे लागतो, असं वाटेल. पण जुन्या युरोपात ‘सफरचंद’ हा शब्द कुठल्याही गोल फळाला चालत असे. डच लोक संत्र्याला आजही ‘सिनासापल’ म्हणतात, म्हणजे चीनचं सफरचंद. आणि आपण काय केलं? अमेरिकेहून शेंगा आल्या, जमिनीखाली लागतात हे पाहिलं, आणि नाव ठेवलं ‘भुईमूग’. मूग तर तो नाही! माझ्या विद्यार्थ्यांना ‘एर्डएप्फेल’ समजावताना मी फळ्यावर ‘भुईमूग’ लिहायची. पुढे काही सांगावं लागत नसे. व्हिएन्नाच्या लोकांना हा शब्द फार जवळचा आहे. ऑस्ट्रिया युरोपीय संघात जाणार होता, तेव्हा जर्मनीचे शब्द आपल्या ताटात येतील अशी त्यांना धास्ती होती. ‘एर्डएप्फेल-सॅलड हे एर्डएप्फेल-सॅलडच राहील’ अशी घोषणा तेव्हा शहरात गाजली.

‘कार्टोफेल’ची गोष्ट इटलीत सुरू होते. तिथे ट्रफल नावाची जमिनीत वाढणारी सुगंधी अळंबी मिळते, तिला म्हणतात ‘तार्तुफो’. नवा कंद तिच्यासारखाच मातीतून खणून काढायचा, म्हणून तो ‘तार्तुफोलो’, छोटा तार्तुफो. जर्मनीत त्याचा ‘टार्टुफेल’ झाला. एका शब्दात दोन ‘ट’ जवळजवळ आल्यावर पहिल्याचा ‘क’ होऊन ‘कार्टोफेल’ झाला. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याचा राजा फ्रेडरिक दुसरा याने १७५६च्या मार्चमध्ये बटाटे लावण्याचा हुकूम काढला, त्यात अजून ‘टार्टोफेल्न’ असंच लिहिलं आहे. पॉट्सडॅमला सां-सूसी राजवाड्याच्या बागेत त्याची कबर आहे. लोक तिथे बटाटे ठेवून जातात. मी गेले तेव्हा दगडावर आठ-दहा होते, एकाला कोंब फुटलेला. जर्मनांकडून हा शब्द रशियन, रुमानियन, बल्गेरियन, डॅनिश अशा कितीतरी भाषांत गेला.

काहींना मात्र त्यात सफरचंद दिसलं नाही, नाशपाती दिसली. जर्मन बोलीतल्या ‘ग्रुंडबिर्न’ म्हणजे ‘जमिनीतली नाशपाती’ या शब्दावरून क्रोएशियन ‘क्रुंपिर’ आणि हंगेरियन ‘क्रुम्प्ली’ झाले. फिनलंडचा ‘पेरुना’ स्वीडिश ‘पेरोन’वरून, म्हणजे पुन्हा नाशपातीच. आपला पेरू आठवला ना? तोही पोर्तुगीज ‘पेरा’, नाशपाती. तिकडे नाशपातीचं नाव बटाट्याला, इकडे पेरूला. चेक लोकांनी ‘ब्रांबोरी’ हे नाव जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्ग प्रांतावरून ठेवलं. हंगेरीत ‘बुर्गोन्या’ असंही म्हणतात, ते फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतावरून. मालाला गावाचं नाव देण्याची ही रीत आपल्याकडच्या बाजारातही आहेच.

तुम्ही हिंदीतल्या ‘आलू’विषयी विचारलेलं नाही, पण तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. संस्कृतात ‘आलु’ म्हणजे खाण्याजोगा कंद, बटाटा यायच्या कितीतरी आधीपासूनचा. लाल कंद तो ‘रक्तालु’, त्याचंच मराठीत ‘रताळं’ झालं. अमेरिकेतलं रताळं आलं तेव्हा आपण त्याला हे जुनं, घरचं नाव दिलं.

माझी आई एकादशीला एकाच पातेल्यात रताळी आणि बटाटे उकडायची. रताळ्याच्या नावात हिंदीतला आलू आहे आणि बटाट्याच्या नावात तैनो लोकांचं रताळं. वर पडणारं दाण्याचं कूट आणि हिरवी मिरचीही अमेरिकेकडचीच. नातीला पुढच्या एकादशीला व्हिडिओ कॉलवर ते ताट दाखवा आणि ‘पॉम द तेर’ कुठला ते तिला ओळखू द्या.