ड्रेपरीची वही आणि २०१७चं पुस्तक

प्रश्न : नमस्कार सर. मी गोव्यातल्या साखळीची. बी.कॉम. झालंय, पायथॉन क्लासला जाऊन शिकले. बाबांची नाटकांची ड्रेपरी आहे, म्हणजे नाटकाचे कपडे आणि सामान भाड्याने देतात. जत्रांच्या दिवसांत कुठला शेला कुठल्या गावाला गेला, ते सगळं एका वहीत. ते कॉम्प्युटरवर आणावं म्हणून जँगो, म्हणजे पायथॉनमध्ये वेबसाइट करायची तयार चौकट, शिकायला घेतलं. मावसभावाने त्याचं जुनं पुस्तक दिलं, २०१७चं, जँगो १.११वर. तिसऱ्या प्रकरणातलं अक्षरन् अक्षर तसंच टाइप केलं, तरी ‘यूआरएल इम्पोर्ट होत नाही’ असा एरर आला. तो कसाबसा घालवला, तर आता मॉडेलमध्ये, म्हणजे माहितीचे तक्ते ठरवणाऱ्या कोडमध्ये, ‘ऑन-डिलीट दिलेलं नाही’ म्हणतो. माझं चुकतंय की पुस्तकाचं?

उत्तर : दोघांचंही नाही. तू नुसतं ‘पिप इन्स्टॉल जँगो’ लिहिलंस ना? मग आजची आवृत्ती उतरली. पणजीत पाटोवरची सेंट्रल लायब्ररी १८३२ सालची, तिथे पुस्तक जितकं जुनं तितका त्याला मान. आमच्या धंद्यातल्या पुस्तकांचं नशीब बांगडा मासळीसारखं, शिळं झालं की संपलं.

एरवी मी सांगतो की वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या कामापुरता पायथॉनचा स्वतंत्र कप्पा) कर, त्यात पुस्तकातलीच आवृत्ती टाक आणि निवांत शिक. पण १.११ अधिकृतपणे पायथॉन ३.७पर्यंतच चालते आणि तिचा सपोर्ट एप्रिल २०२०मध्येच संपला. तेव्हा नवी आवृत्तीच ठेव. पुस्तक टाकू नकोस. मॉडेल, व्ह्यू (काय दाखवायचं ते), टेम्प्लेट (पानाचा साचा), मायग्रेशन (तक्त्यांतले बदल) यांचा गाभा तोच आहे.

यूआरएलचं सोपं आहे. डिसेंबर २०१७मध्ये २.० आलं, त्यात पानांचे पत्ते लिहायला ‘पाथ’ आला. जुनं ‘यूआरएल’ ४.०मध्ये काढूनच टाकलं. पुस्तकातल्या टोपी (^) आणि डॉलरच्या ($) चिन्हांच्या त्या किचकट ओळी सोड, ‘पाथ’ लिही. पुढे लॉगआउटच्या प्रकरणात ४०५ हा एरर (ही पद्धत चालत नाही) दिसेल. घाबरू नकोस, ५.०पासून नुसत्या लिंकने लॉगआउट होत नाही, पोस्ट करणारा फॉर्म लागतो.

ऑन-डिलीटवर मात्र थांब. पूर्वी ते लिहिलं नाही तर जँगो मुकाट्याने ‘कॅस्केड’ धरायचा, म्हणजे मूळ नोंद पुसली की तिच्यावर टेकलेलं सगळं पुसलं जायचं. २.०पासून ते आपणच लिहावं लागतं. मला विचारशील तर हा एरर म्हणजे उपकार आहे. २०१२मध्ये मी फोंड्यातल्या एका केटरिंगवाल्या मित्राला ऑर्डरींचा प्रोग्राम करून दिला होता, असाच एका पुस्तकात बघून. एक गिऱ्हाईक बंद झालं म्हणून अ‍ॅडमिनमध्ये (नोंदी बदलायच्या जँगोच्या तयार पानात) जाऊन मी त्याचं नाव काढलं. ‘यासोबत हेही जाईल’ अशी लांबलचक यादी पडद्यावर आली होती. वाचली कोणी? मी ‘होय’ दाबलं. त्या माणसाच्या तीन वर्षांच्या ऑर्डरी गेल्या, उधारीसकट. बॅकअप नव्हता. मित्र काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

म्हणून तुझ्या बुकिंगमध्ये मंडळाच्या फॉरेन-की (बुकिंग मंडळाशी जोडणारा दुवा) समोर ‘प्रोटेक्ट’ लिही. मग बुकिंग असलेलं मंडळ पुसताच येणार नाही, जँगो अडवेल.

आणखी एक. पुस्तकात बहुधा ब्लॉग करायला सांगितलाय. करू नकोस. प्रत्येक प्रकरण ड्रेपरीवर करत जा. वस्तू, मंडळ, बुकिंग अशी तीन मॉडेल पुरेत. पहिलीच अडचण अशी येईल बघ : मावळ्यांचे वीस फेटे ही एक नोंद की वीस? जिरेटोप एकच, त्याची एक नोंद ठीक. पण फेटे वीस जातात आणि एकोणीस येतात. नोंद एकच ठेवलीस तर ‘दिले’ आणि ‘परत आले’ हे दोन आकडे वस्तूत नव्हे, बुकिंगमध्ये हवेत, कारण तोच फेटा या आठवड्यात डिचोलीला असतो आणि पुढच्या आठवड्यात पेडण्याला. हे पुस्तकात सापडणार नाही. बाबांना विचार, वही उघडून. ते तुटलेली तलवार कुठल्या रकान्यात लिहितात, तेही बघून घे.

नवं पुस्तक सध्या घेऊ नकोस. जँगोचं अधिकृत डॉक्युमेंटेशन फुकट आहे, त्यात आवृत्ती निवडायची सोय आहे. पुस्तकातली ओळ अडली की तोच विषय तिथे काढ आणि मार्जिनमध्ये पेन्सिलीने नवी ओळ लिही. मावसभावाला विचारून, अर्थात.

आणि हो, ‘जँगो’च्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या पहिल्या ‘डी’चा उच्चार करायचा नाही हे तुला ठाऊक दिसतंय. माझ्या क्लासमधली निम्मी पोरं अजून ‘डीजँगो’ म्हणतात.