हिरो बघायचाय ना? मग रविवारच्या नाटकाचं तिकीट काढा

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: नोव्हेंबरच्या शेवटी परभणीहून गुरुवार ते रविवार मुंबईला येताय, बरोबर आईवडील आणि नुकताच बारावी झालेला धाकटा भाऊ. आईंना मालिकेचं शूटिंग आणि समुद्र बघायचाय, भावाला हिरोंचे बंगले आणि 'जमलं तर एखादी ऑडिशन', आणि वडिलांचे गुडघे दुखतात. तुमच्या प्रश्नाला माझ्याआधी उत्तर देणाऱ्या दोघांनी सरळ फिल्मसिटी गाठायला सांगितलंय. मी थोडं उलटं सांगणार आहे. मी अकरा वर्षं मालिकांच्या प्रॉडक्शनमध्ये हिशेब बघायचो, म्हणजे कॅमेऱ्याजवळ नाही, व्हाउचरजवळ. पण सेटवर जाणं-येणं रोजचं.

आधी शूटिंगचं बोलू. गोरेगाव पूर्वेची फिल्मसिटी, म्हणजे दादासाहेब फाळके चित्रनगरी, राज्य सरकारनं 1977 साली उभारली. सुमारे सव्वापाचशे एकरांचा पसारा आहे, एका बाजूला आरे कॉलनी आणि पाठीला नॅशनल पार्कचं जंगल. सेटवर बिबट्या फिरकल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्या खोट्या नसतात. पण गेटवर जाऊन 'आम्ही लांबून आलोय हो' म्हटलं की आत सोडतील, असं नाही. ओळख किंवा पास लागतो. टूरची बस असते. ती आतली लोकेशनं आणि बाहेरून सेट दाखवते, चालू शूटिंग दिसेलच याची हमी नसते. आणि ती बस रीतसर बुक करा. स्टेशनबाहेर 'शूटिंग दिखाता हूँ' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. माझ्या साडूनं दिले होते. त्या माणसानं रिक्षातून आरेत फिरवून एक बंद गेट दाखवलं.

आणि समजा ओळख निघाली, आत गेलात, तर काय दिसतं? माझी नगरची मावशी एकदा हट्टानं सेटवर आली होती. ती मालिका ती पाच वर्षं एकही भाग न चुकवता बघत होती. त्या दिवशी सीन एवढाच होता: सून दार उघडते आणि म्हणते, 'आई, तुम्ही?' पहिल्या टेकला वरून विमान गेलं. दुसऱ्याला सासूच्या पदराची घडी आधीच्या शॉटपेक्षा वेगळी पडली. मग कॅमेरा दुसऱ्या बाजूला लावायचा म्हणून लाइट बदलले, त्यात पाऊण तास. टेक चालू असताना आवाज येऊ नये म्हणून पंखेसुद्धा बंद. मावशी घामाघूम होऊन वाड्याच्या दगडी भिंतीला टेकायला गेली तर भिंतच हलली. प्लायवूड, त्याच्यावर रंग, आणि मागून टेकू दिलेले बांबू. त्याहून मोठा धक्का सासूबाईंचा. पडद्यावर साठीच्या, प्रत्यक्षात मावशीच्या मुलीच्या वयाच्या, आणि नऊवारीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज. मावशीनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "देव्हारा तरी खरा आहे का रे?" मूर्ती पितळेची, खरी होती. स्पॉटदादा रोज पहिल्या शॉटआधी तिथं फूल आणि उदबत्ती ठेवायचा. तेवढ्यावर तिचं समाधान झालं, हात जोडले, आणि दुपारी दोनला म्हणाली, "चल घरी, सातचा भाग चुकेल."

म्हणून म्हणतो, चारातला एक अख्खा दिवस यावर घालवू नका. सिनेमा बघायचाच असेल तर पेडर रोडवरचं भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय बघा. 2019 च्या जानेवारीत सुरू झालं. गुलशन महाल नावाचा एकोणिसाव्या शतकातला जुना बंगला आणि त्याच आवारातली नवी इमारत, असं दोन्ही मिळून आहे. फाळक्यांपासूनचा इतिहास, जुने कॅमेरे, पोस्टरं, ध्वनिमुद्रणाची यंत्रं. निवांत बघायचं तर अडीच-तीन तास लागतात. मला सगळ्यात भावतो तो अगदी सुरुवातीचा भाग. त्र्यंबकेश्वरचा एक माणूस बायकोच्या मदतीनं दादरला घरातच कारखाना थाटतो, तारामतीच्या कामाला बाई मिळत नाही म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या पोऱ्याला लुगडं नेसवतो, आणि 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लावतो. आज जो कोट्यवधींचा व्यवहार चालतो त्याची सुरुवात त्या लुगड्यातून झाली. तिथून बाहेर पडलात की त्याच रस्त्यावर प्रभुकुंज आहे, लतादीदींचं घर. आईंना दाखवा, बंगल्यांपेक्षा ते त्यांना जास्त आवडेल. मग टॅक्सी करून महालक्ष्मीचं दर्शन घ्या. हाजीअलीला जायचं असेल तर भरतीची वेळ बघूनच जा, मोठ्या भरतीला तिथली वाट पाण्याखाली जाते.

बेत पुढे सरकून सोमवार आला तर मात्र सगळंच फसेल. संग्रहालय बंद, घारापुरीची लेणी बंद. राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, बुधवारी बंद. तसंही घारापुरीला पायऱ्या बऱ्याच आहेत, वडिलांना नेऊ नका. त्यांना गेटवेसमोर सावलीत बसवून तुम्ही भाऊ-भाऊ जाऊन या, हवं तर.

भावाच्या बंगल्यांबद्दल. बांद्र्याला बँडस्टँडला जा, मन्नतच्या गेटसमोर फोटो काढा, दहा मिनिटांत काम संपतं. गेट म्हणजे गेटच असतं, त्यातून कुणी बाहेर येत नाही. तिथून पुढे चालत बांद्र्याच्या किल्ल्यावर जा, पोर्तुगीजांनी 1640 साली बांधलेला. सी-लिंक तिथून सुरेख दिसतो.

त्यापेक्षा त्याला मराठा मंदिरला न्या. मुंबई सेंट्रलच्या एसटी स्टँडसमोरच आहे. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' ऑक्टोबर 1995 ला लागला तो मधला कोविडचा काळ सोडला तर अजून उतरलेला नाही. सकाळी साधारण साडेअकराचा एकच खेळ, आणि तिकिटाला चहा-वड्याइतके पैसे. गावाकडून आलेले, बसची वाट बघणारे, रात्रपाळी करून आलेले, सगळे पिशव्या पायाशी ठेवून बसलेले असतात. प्रत्येक संवाद आधी प्रेक्षक म्हणतात, मग शाहरुख. पडदा आणि माणसं यांचं नातं काय असतं ते तिथं जसं दिसतं तसं फिल्मसिटीत दिसत नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. आईंना मालिकेतली माणसं प्रत्यक्ष बघायचीत ना? मग रविवारी नाटकाला न्या. मालिकेतली निम्मी मंडळी शनिवार-रविवारी नाटकाच्या प्रयोगाला असतात. दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ मंगेशकर, यांतलं जे सोयीचं पडेल ते. शनिवारच्या पेपरात नाटकांच्या जाहिरातींचं अख्खं पान असतं, त्यातून नाव बघून निवडा. पुढच्या चार-पाच रांगांत आणि कडेच्या खुर्च्या मागा, वडिलांना पाय पसरता येतील. तिकीट सिनेमापेक्षा महाग वाटेल, पण तीच सासूबाई दहा फुटांवर, रिटेक न घेता, दोन-अडीच तास उभी राहून काम करते. वर मध्यंतरातला बटाटावडा. आणि प्रयोग संपल्यावर आत जाऊन भेटायची आपल्याकडे जुनी रीत आहे. रंगपटाच्या दाराशी पाच मिनिटं थांबायचं, 'परभणीहून आलोय' म्हणायचं. सेटवर ज्या बाईंशी माझ्या मावशीला एक शब्द बोलता आला नाही, त्यांनीच पुढे वर्षभरानं एका प्रयोगानंतर तिचा हात हातात घेऊन गुडघ्यांची चौकशी केली. आईंचे फोटो काढा, पण आधी बोलू द्या.

भावाला एक वेगळं सांगतो, आणि ते तुम्ही त्याला आत्ताच वाचून दाखवा. ऑडिशनसाठी पैसे लागत नाहीत. 'रजिस्ट्रेशन', 'पोर्टफोलिओ आमच्याकडूनच काढावा लागेल', 'कार्ड काढून देतो', 'रोल फिक्स आहे, फक्त डिपॉझिट', यातलं काहीही कानावर आलं की उठून बाहेर यायचं. माझ्या अकरा वर्षांत कलाकाराकडून पैसे घेतल्याचं एकही व्हाउचर माझ्या टेबलावर आलं नाही. पैसे नेहमी उलट दिशेनं जातात, तेही उशिरा. त्याला खरंच करायचं असेल तर सुरुवात घरूनच करू दे. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचं केंद्र परभणीतच असतं, तिथं एखाद्या संस्थेत शिरून आधी पडदा ओढायला शिकावं. संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. मराठवाड्यातून आलेले जे नट मी जवळून पाहिले ते बहुतेक एकांकिका करून आलेले, कुणी अंधेरीत फोटो वाटत फिरून आलेला नाही.

राहायला दादर बघा. महाग आहे, खोल्या लहान आहेत, पण देवगिरी एक्सप्रेस थेट दादरला उतरवते, पश्चिम आणि मध्य दोन्ही लोकल तिथं मिळतात, आणि आईवडिलांना जेवणाची चिंता नाही. आस्वादची मिसळ, प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियूष. रांग लागली तरी लवकर सरकते.

फिरायला वडिलांसाठी भुयारी मेट्रो घ्या, तीन नंबरची. ऑक्टोबर 2025 पासून ती आरेपासून थेट कफ परेडपर्यंत सुरू आहे. दादर, सिद्धिविनायक, सीएसएमटी, चर्चगेट सगळं एकाच मार्गावर, लिफ्ट आहे, गारवा आहे. लोकलचा अनुभव घ्यायचाच तर दुपारी बारा ते चार. सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे, बॅगा आणि म्हातारी माणसं घेऊन चढू नका. आणि अंधेरीला उतरायचं असेल तर गर्दीच्या वेळी विरार फास्ट, म्हणजे विरारला जाणारी जलद लोकल, सोडून द्या. विरारवाले वाईट नसतात, पण दारात त्यांची मांडणी ठरलेली असते, तुम्हाला उतरता येत नाही. मी नवा होतो तेव्हा पार बोरिवलीला जाऊन परत आलो होतो. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही लोकल बंद ठेवतात, नाटकाच्या दिवशी वेळापत्रक आदल्या रात्री बघा. रिक्षा बांद्रा आणि सायनच्या अलीकडे मिळत नाही. दादरला उभं राहून रिक्षाला हात करू नका, टॅक्सीच घ्या, मीटरनं.

राहिला समुद्र. आईंनी तो कधीच पाहिला नाही म्हणता, तर पहिल्यांदा जुहू नको. शनिवारी संध्याकाळी तिथं माणसंच दिसतात. गुरुवारी, आल्या दिवशीच, सामान टाकून, थोडं झोपून, पाचच्या सुमाराला गिरगाव चौपाटीला या. सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो. वाळूत बसा. मग अंधार पडला की उठून मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर या, दिवे लागलेले असतील. भेळ खा, पण आधी समुद्र. आणि पिशवीत आईंची एक जादा साडी ठेवा. 'मी नुसती लांबून बघते' असं त्या म्हणतील, माझी मावशीही म्हणाली होती. दहा मिनिटांत गुडघाभर पाण्यात होती.