वाचकांचे प्रश्न : डॉक्युमेंटेशन एडिटरमध्येच हवं

या अंकात प्रोग्रामिंग भाषांच्या डॉक्युमेंटेशनबद्दल, म्हणजे भाषा कशी वापरायची याच्या लेखी माहितीबद्दल, आलेले प्रश्न घेतले आहेत. आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजीत, लहान अक्षरांत कराव्यात.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या लॅबमध्ये २० संगणक आहेत. विंडोज, पायथन ही भाषा आणि व्हीएस कोड हा एडिटर (कोड लिहायचं सॉफ्टवेअर). प्रात्यक्षिक परीक्षेत इंटरनेट बंद असतं. टर्बो सीमध्ये शब्दावर कर्सर ठेवून कंट्रोल-एफ१ दाबलं की माहिती उघडायची. तशी सोय प्रत्येक मशीनवर आधीपासूनच असावी, मुलांना काही बसवावं लागू नये, यासाठी काय करावं?
— लॅब असिस्टंट, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : टर्बो सीमध्ये भाषा, एडिटर आणि मदत हे सगळं एकाच डब्यात येत होतं. आता ते तीन ठिकाणी विभागलं आहे. एडिटर फक्त माहितीची चौकट दाखवतो. त्या चौकटीत काय लिहायचं हे लँग्वेज सर्व्हर हा मागे चालणारा प्रोग्राम ठरवतो, आणि सर्व्हर ते मशीनवर बसवलेल्या लायब्ररीतून (भाषेच्या तयार कोडमधून) वाचतो. चौकट रिकामी आली तर या तिघांपैकी कोण गैरहजर आहे, एवढंच शोधायचं असतं.

व्हीएस कोडचा इन्स्टॉलर न घेता झिप फाइल घ्या. ती सी ड्राइव्हवर साध्या फोल्डरमध्ये उघडा. ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये नको, तिथे विद्यार्थ्याच्या खात्याला लिहिण्याची परवानगी नसते. एडिटरची मुख्य फाइल जिथे आहे तिथेच ‘डेटा’ नावाचा रिकामा फोल्डर करा. यालाच पोर्टेबल मोड म्हणतात: यापुढे सगळी एक्स्टेंशन (एडिटरला जोडायच्या जादा सोयी) आणि सेटिंग्ज त्याच फोल्डरमध्ये जमा होतात. नेट असलेल्या एका मशीनवर पायथनचं एक्स्टेंशन बसवा. त्याच्यासोबत पायलान्स हा लँग्वेज सर्व्हरही येतो. मग अख्खा फोल्डर उरलेल्या १९ मशीनवर कॉपी करा. पायथन मात्र प्रत्येक मशीनवर एकाच आवृत्तीचा आणि एकाच जागी बसवलेला हवा. पोर्टेबल प्रत स्वतःहून अपडेट होत नाही, नवी झिप आणून जुना ‘डेटा’ फोल्डर तिच्यात ठेवावा लागतो. लॅबसाठी हे बरंच आहे, सत्राच्या मध्येच काही बदलत नाही.

आता कळ. शब्दावर माउस ठेवला की साधारण ३०० मिलिसेकंदांनी चौकट उघडते. कीबोर्डवरून कंट्रोल-के आणि लगेच कंट्रोल-आय; तेच पुन्हा दाबलं की चौकटीत शिरून बाणांच्या कळांनी खाली-वर जाता येतं. ही जोडी मुलांच्या लक्षात राहत नाही. म्हणून कंट्रोल-के, कंट्रोल-एस दाबून शॉर्टकटची यादी उघडा, ‘शो ऑर फोकस हॉवर’ शोधा आणि त्याला कंट्रोल-एफ१ द्या. हे फोल्डर इतर मशीनवर कॉपी करण्याआधी करायचं, म्हणजे कॉपीबरोबर सगळीकडे जाईल.

चौकटीत थोडकी माहिती असते, पूर्ण प्रकरण नसतं. त्यासाठी पायथनच्या डॉक्युमेंटेशनची एचटीएमएल झिप उतरवा आणि तिचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा. लॅबमध्ये जी आवृत्ती आहे, तिचीच झिप घ्या. मशीनवर ३.८ आणि वाचायला सगळ्यात नवी आवृत्ती असेल, तर विद्यार्थी ‘मॅच’ची रचना वाचून लिहितो आणि त्याला सिंटॅक्स एरर (रचनेची चूक) मिळते, कारण ‘मॅच’ ३.१० मध्ये आलं. ‘रिमूव्हप्रीफिक्स’ ३.९ मधलं, तेही चालत नाही. परीक्षेत अशा चुकीवर अर्धा तास सहज जातो, आणि दोष मुलाचा नसतो.

झिप नको असेल तर ‘पायथन -एम पायडॉक -बी’ ही आज्ञा मशीनवरच छोटा सर्व्हर चालू करून ब्राउझर उघडते. ती बसवलेल्या मॉड्यूलमधूनच (पायथन कोडच्या फाइलींमधूनच) मजकूर काढते, त्यामुळे आवृत्तीचा घोळ होत नाही. एक काळजी घ्यावी लागते. माहिती दाखवण्यासाठी पायडॉक मॉड्यूल इम्पोर्ट करतं, म्हणजे फंक्शनच्या बाहेर मोकळा लिहिलेला कोड खरोखर चालतो. फाइल पुसणारी ओळ तशी उघडी असेल तर फाइल पुसली जाईल.

शेवटी नेटची वायर काढून एका मशीनवर तपासा. चौकट येत नसेल तर आधी खालच्या पट्टीत कोणता इंटरप्रिटर (पायथनचा कोड चालवणारा प्रोग्राम) निवडलाय ते पाहा. पेनड्राइव्हवरचा फोल्डर उघडला असेल तर ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ची पट्टी दिसते का तेही पाहा, त्या स्थितीत बरीच एक्स्टेंशन बंद किंवा अर्धवट चालतात.

प्रश्न : उबुंटू लिनक्सवर विम या एडिटरमध्ये ‘प्रिंटएफ’ या शब्दावर शिफ्ट-के दाबलं, तर भलतंच पान उघडतं. सीच्या फंक्शनचं पान कसं येईल?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सिन्नर

उत्तर : शिफ्ट-के ही कळ शब्द ‘मॅन’ या माहितीची पानं दाखवणाऱ्या आज्ञेकडे पाठवते. मॅनची पानं विभागांत असतात: १ मध्ये टर्मिनलच्या आज्ञा, २ मध्ये सिस्टिम कॉल (ऑपरेटिंग सिस्टिमकडून काम करून घेणारी फंक्शन), ३ मध्ये सीची लायब्ररी. ‘प्रिंटएफ’ नावाची टर्मिनलची आज्ञाही आहे, आणि विभाग १ आधी शोधला जातो. म्हणून आधी ३ दाबा, मग शिफ्ट-के. ‘पान सापडत नाही’ असं आलं तर ‘मॅनपेजेस-डेव्ह’ हे पॅकेज बसवा. विभाग २ आणि ३ त्यातच आहेत. डॉकरमधल्या (वेगळ्या बंदिस्त प्रतीत चालणाऱ्या) उबुंटूत जागा वाचवण्यासाठी ही पानं मुद्दाम काढलेली असतात, तिथे आधी ‘अनमिनिमाइझ’ चालवावं लागतं.

निओव्हिम या विमच्या नव्या अवतारात ०.१० आवृत्तीपासून लँग्वेज सर्व्हर जोडलेला असेल तर हीच कळ सर्व्हरची चौकट उघडते. सीसाठी मात्र मॅनचं पानच वाचावं असं आम्ही आग्रहानं सांगू. सर्व्हर जिथून वाचतो त्या हेडर फाइलमध्ये (फंक्शनची नावं जाहीर करणाऱ्या फाइलमध्ये) फार तर एक-दोन ओळींची टीप असते. फंक्शन काय परत करतं, चूक झाल्यावर काय होतं, हे सगळं मॅनच्या पानावर असतं.

प्रश्न : एक्लिप्स या एडिटरमध्ये जावाच्या क्लासवर माउस नेला की ‘सोर्स जोडलेला नाही’ एवढंच दिसतं.
— विद्यार्थी, पंचवटी

उत्तर : एक्लिप्सला नुसता जेआरई (जावा फक्त चालवणारा संच) जोडलेला असावा. प्रेफरन्सेसमध्ये जावा, मग ‘इन्स्टॉल्ड जेआरईज’ इथे पूर्ण जेडीकेचा (प्रोग्राम लिहिण्यासाठीच्या संचाचा) फोल्डर जोडा. सोर्स म्हणजे मूळ कोड. सोर्सची झिप त्याच्यासोबत येते. मेव्हनमधून (लायब्ररी उतरवून देणाऱ्या साधनातून) आणलेल्या लायब्ररीसाठी प्रोजेक्टवर राइट क्लिक, मेव्हन, ‘डाउनलोड सोर्सेस’. नेट असतानाच हे उरकून घ्या.

प्रश्न : रस्ट ही भाषा बसवताना डॉक्युमेंटेशनच्या टप्प्यावर विंडोजचं मशीन फार वेळ घेतं. तो भाग गाळला तर चालेल का?
— वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : गाळू नका. त्यात हजारो छोट्या फाइल असतात आणि अँटिव्हायरस एकेक तपासतो, म्हणून वेळ लागतो. तो एकदाच लागतो. नंतर ‘रस्टअप डॉक’ म्हटलं की स्टँडर्ड लायब्ररीचा संदर्भ आणि भाषेचं पाठ्यपुस्तक नेटशिवाय उघडतं, आणि तेही तुमच्याच आवृत्तीचं. ‘मिनिमल’ प्रोफाइल निवडून हा भाग सुटला असेल तर ‘रस्टअप कंपोनंट ॲड रस्ट-डॉक्स’ करा. एडिटरमधल्या चौकटीसाठी ‘रस्ट-एसआरसी’ही लागतं, कारण रस्ट-ॲनालायझर हा रस्टचा लँग्वेज सर्व्हर मजकूर सोर्समधून उचलतो. बाहेरून घेतलेल्या क्रेट्ससाठी (रस्टच्या लायब्ररींसाठी) प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘कार्गो डॉक --ओपन’ द्या.

प्रश्न : आमच्या छोट्या कंपनीची स्वतःची लायब्ररी आहे, बरीचशी पायथनमध्ये, थोडी जावास्क्रिप्ट आणि गो या भाषांत. फंक्शनवर टिपा लिहिलेल्या आहेत, तरी सहकाऱ्यांच्या एडिटरमध्ये त्या दिसत नाहीत. आणि त्या मराठीत लिहिल्या तर चालतील का?
— सॉफ्टवेअर डेव्हलपर, सातपूर

उत्तर : टीप बहुधा चुकीच्या जागी किंवा चुकीच्या खुणेत आहे. पायथनमध्ये ‘डेफ’च्या (फंक्शन सुरू करणाऱ्या ओळीच्या) वर हॅशची खूण देऊन लिहिलेली टीप चौकटीत येत नाही, ‘डेफ’च्या आत अगदी पहिली गोष्ट म्हणून तिहेरी अवतरणात लिहिलेला मजकूरच येतो. त्याच्या आधी एक जरी ओळ कोड आला तरी तो मजकूर डॉकस्ट्रिंग (चौकटीत दिसणारी टीप) राहत नाही. जावास्क्रिप्टमध्ये तिरक्या रेघेनंतर दोन तारे लागतात; एकच तारा असेल तर ती साधी टीप ठरते. गोमध्ये टीप आणि फंक्शन यांच्यात रिकामी ओळ राहिली की नातं तुटतं, आणि ही रिकामी ओळ नजरेतून सहज सुटते.

पहिल्या ओळीत फंक्शन काय करतं ते एका वाक्यात लिहा. एकक असेल तर तेही तिथेच: मिलिमीटर की इंच, सेकंद की मिलिसेकंद. कारखान्यासाठी लिहिलेल्या कोडमध्ये वापरणाऱ्याला सगळ्यात आधी हेच हवं असतं.

मराठीत जरूर लिहा. पायथन ३ फाइल यूटीएफ-८ (देवनागरीसह सगळ्या लिप्या साठवणारी पद्धत) समजूनच वाचतो आणि व्हीएस कोडच्या चौकटीत देवनागरी नीट दिसते. विंडोजच्या जुन्या काळ्या कन्सोलमध्ये ‘हेल्प’ दिलं तर जोडाक्षरं फुटतात किंवा चौकोन दिसतात. ती अडचण कन्सोलची आहे, फाइलची नाही. तिथे पायडॉक ब्राउझरमध्ये उघडा. पॅरामीटरची नावं मात्र कोडमध्ये आहेत तशीच इंग्रजीत ठेवा, नाहीतर शोधताना ती सापडणार नाहीत.