बुर्ज की बुरूज, आणि उंची नक्की कुठपर्यंत मोजायची?

प्रश्न असा आलाय की दुबईच्या त्या इमारतीला मराठीत 'बुर्ज खलिफा' लिहायचं की 'बुरूज खलिफा', नावाचा अर्थ 'खलिफाचा बुरूज' असा होतो का, उंची कुणी ८२८ मीटर सांगतं कुणी ५८५ तर त्यातलं खरं काय, आणि वरच्या त्या निमुळत्या टोकाला मराठीत शब्द कोणता. प्रश्न चार दिसतात पण शेवटचे दोन मुळात एकच आहेत, ते पुढे येईलच.

आधी बुर्ज. हा शब्द आपल्याला अजिबात परका नाही, अरबीतला 'बुर्ज' फारसीत आला आणि तिथून मराठीत येऊन 'बुरूज' झाला. अरबी शब्दाचा उगमही पुढे ग्रीक 'पिर्गोस'पर्यंत नेतात, म्हणजे शब्दाने बराच प्रवास केलाय. मराठीत येताना त्याचं जे झालं ते मला फार आवडतं. 'र्ज' असं जोडाक्षर शेवटी आलं की जीभ अडखळते म्हणून आपण मध्ये एक स्वर घातला, पण कुठलाही नाही घातला, आधीच्या अक्षरात उ आहे ना, मग पुढेही ऊच. हुक्मचा हुकूम, जुल्मचा जुलूम, मुल्कचा मुलूख, तसाच बुर्जचा बुरूज. आणि फिक्रमध्ये इ होती तर तिथे झाली फिकीर! सगळेच शब्द काही असे फुटले नाहीत, अर्ज आणि कर्ज आपण आहेत तसेच ठेवले, पण उकारवाल्यांची ही रांग पाहिली की बुरूज हा पूर्ण मराठी झालेला शब्द आहे हे पटतं. जाता जाता, एकटा असताना 'बुरूज', रू दीर्घ, आणि प्रत्यय लागला की 'बुरुजावर', 'बुरुजाचा', रु ऱ्हस्व. टाइप करताना इथे हमखास चूक होते.

पण म्हणून 'बुरूज खलिफा' लिहावं का? माझं मत नाही. एक तर ते विशेषनाम आहे, आणि दुसरं म्हणजे अर्थ बदललाय. अरबीत बुर्ज म्हणजे उंच मनोरा, शिवाय राशीचक्रातली रासही. मराठीत बुरूज म्हटलं की तटाला फुगवटा दिल्यासारखं जाडजूड बांधकाम दिसतं, ज्यावर तोफ ठेवता येईल असं. उंच सडसडीत काही असेल तर आपण बुरूज म्हणत नाही, मनोरा म्हणतो. तेव्हा शब्द सख्खा असला तरी चित्र वेगळं आहे, 'बुर्ज'च ठेवा. 'खलिफा'मधली लि मात्र ऱ्हस्व लिहा, शेवटचा स्वर दीर्घ असला की आधीची इ मराठीत ऱ्हस्व होते, गरिबीत होते तशी.

अर्थाचं म्हणाल तर 'खलिफाचा बुरूज' हे भाषांतर फसवं आहे. खलिफा म्हणजे मागून येणारा, वारस, आणि त्यावरून ते इस्लामी सत्ताधीशाचं पद, हे बरोबर, पण इथे पद नाही, माणसाचं नाव आहे, शेख खलिफा बिन झायेद अल नाह्यान, तेव्हाचे संयुक्त अरब अमिरातींचे अध्यक्ष आणि अबू धाबीचे शासक. बांधकाम चालू असताना इमारतीचं नाव 'बुर्ज दुबई' होतं, आणि ४ जानेवारी २०१० ला उद्घाटनाच्या सोहळ्यातच नवं नाव जाहीर झालं. जेमतेम तीन आठवड्यांआधी अबू धाबीने कर्जात अडकलेल्या दुबईला १० अब्ज डॉलरची मदत केली होती, त्यामुळे नाव आणि मदत यांचा संबंध लोकांनी तेव्हाच जोडला आणि अजूनही जोडतात. दुबईच्या इमारतीला अबू धाबीच्या शासकाचं नाव, चर्चा होणारच. तसं नाव बदललं म्हणून तोंडातलं नाव बदलतंच असं नाही, शिकागोतल्या सिअर्स टॉवरचं नाव २००९ मध्ये विलिस टॉवर झालं तरी तिथले कितीतरी लोक अजून सिअर्सच म्हणतात. इथे मात्र नवं नाव पहिल्या दिवसापासून बसलं, कारण जुन्या नावाने ती इमारत लोकांसाठी उघडलेलीच नव्हती.

आता उंची. ८२८ आणि ५८५ हे दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. उंच इमारतींची अधिकृत उंची ठरवणारी संस्था म्हणजे शिकागोची काउन्सिल ऑन टॉल बिल्डिंग्ज अँड अर्बन हॅबिटॅट (२०२५ मध्ये तिचंही नाव बदलून काउन्सिल ऑन व्हर्टिकल अर्बनिझम झालं). ते खालून मोजायला सुरुवात करतात ती माणसं पायी जिथून आत येतात त्या सगळ्यात खालच्या उघड्यावरच्या मुख्य दारापासून, आणि वर जातात ते वास्तूच्या टोकापर्यंत. स्पायर, म्हणजे इमारतीचंच अंग असलेलं ते निमुळतं टोक, मोजतात, अँटेना आणि झेंड्याचा खांब मोजत नाहीत. या हिशेबाने ८२८. पण माणूस वापरतो असा शेवटचा मजला साधारण ५८५ मीटरवर संपतो. वरचे सुमारे २४४ मीटर म्हणजे जवळपास २९ टक्के उंची, तिथे कुणी राहत नाही बसत नाही. काउन्सिलने २०१३ मध्ये अशा उंचीला 'व्हॅनिटी हाइट' असं नाव दिलं. मी त्याला मराठीत 'मिरवायची उंची' म्हणेन. तेव्हाच त्यांनी असंही सांगितलं होतं की नुसता हा २४४ मीटरचा भाग जमिनीवर उभा केला तर ती युरोपातली अकराव्या क्रमांकाची उंच इमारत ठरेल!

आणि सगळा वाद या टोकाचाच आहे, आजचा नाही, फार जुना. न्यूयॉर्कमध्ये १९२९ ला क्रायस्लर बिल्डिंग आणि ४० वॉल स्ट्रीट यांची चढाओढ लागली होती, तेव्हा क्रायस्लरवाल्यांनी पोलादी टोकाचे तुकडे गुपचूप इमारतीच्या आत नेऊन ठेवले आणि ऑक्टोबरमध्ये एक दिवस साधारण दीड तासात ५६ मीटरचं ते टोक माथ्यातून वर काढून बसवलं, बस्स, ३१९ मीटर. बुर्ज खलिफाचं टोकही असंच आत जोडून हायड्रॉलिक पंपाने आतून वर ढकललंय, २०० मीटरहून जास्त, आणि अंतिम उंची उद्घाटनापर्यंत गुप्त ठेवली होती. मग १९९६ ला क्वालालंपूरच्या पेट्रोनास टॉवर्सना ४५२ मीटर धरून जगातली सर्वांत उंच इमारत ठरवलं ('सर्वांत' वर अनुस्वार हवा, सर्वांमध्ये म्हणून), तेव्हा शिकागो खवळलं, कारण सिअर्सचं छप्पर ४४२ मीटरवर, वापरातला शेवटचा मजला पेट्रोनासपेक्षा वर आणि अँटेना तर त्याहून कितीतरी वर. पण अँटेना मोजत नाहीत ना!

इथे मला मराठी खरंच कामाची वाटते. इंग्रजीत स्पायर कुठे संपतो आणि अँटेना कुठे सुरू होते यावर समित्या बसतात, न्यूयॉर्कच्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरसाठी तर २०१३ मध्ये खास बसली आणि तो भाग स्पायरच आहे असा निर्णय देऊन १७७६ फूट उंची मान्य केली. आपल्याकडे देवळाच्या माथ्यावर कळस असतो आणि शेजारी ध्वजाची काठी असते. कळस बसल्याशिवाय देऊळ पूर्ण झालं असं कुणी म्हणत नाही, आपण 'पायापासून कळसापर्यंत' म्हणतो, काठीपर्यंत म्हणत नाही. काठी उद्या बदलली तरी देऊळ तेच. काउन्सिलचा नियम नेमका हाच आहे, कळस मोजा, काठी सोडा. म्हणून स्पायरला मी 'कळस' सुचवतो. 'शिखर' नको, देवळाचं शिखर म्हणजे गाभाऱ्यावरचा सगळा उंच भाग, त्याने घोटाळा होईल. नुसता आकार सांगायचा असेल तर 'सुळका' छान आहे, पण त्यात हे वास्तूचं अंग आहे हा अर्थ येत नाही.

हाच फायदा 'टॉवर'च्या बाबतीतही. टोरांटोचा सीएन टॉवर ५५३ मीटर आहे तरी तो इमारतींच्या यादीत नाही, कारण निम्मी तरी उंची वापरातल्या मजल्यांची हवी असा नियम आहे. इंग्रजीत दोन्ही टॉवर. मराठीत सीएन टॉवर हा मनोरा आणि बुर्ज खलिफा ही इमारत, वाद मिटला.

राहता राहिलं लिंग, ते विचारलं नव्हतं पण विचारायला हवं होतं. 'बुर्ज खलिफा बघितली' असं खूप ऐकू येतं, मनात इमारत असते म्हणून. मी 'बघितला' म्हणतो, बुरूज तो, टॉवर तो, आणि अरबीतही बुर्ज पुल्लिंगीच आहे.