परदेशातल्या शाओलिन गुरूंकडे शिकायला जाताना

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

न्यूयॉर्कमधल्या एका शाओलिन गुरूंकडे कुंग फू ही चिनी युद्धकला शिकायला सुरुवात करण्याआधी तू विचारले आहेस की, चीनमधला शाओलिन मठ सोडून आलेल्या आणि महिन्याचे शुल्क घेऊन नोकरदारांना शिकवणाऱ्या माणसाची विद्या अस्सल मानावी का. प्रश्न रास्त आहे. मात्र त्यामागे असा समज दिसतो की ही विद्या हनान प्रांतातल्या सोंग पर्वतावरच्या त्या मठात कधी काळी पूर्ण शुद्ध होती आणि समुद्र ओलांडताना तिला भेसळ लागली. इतिहास वेगळे सांगतो.

शाओलिन मठ इ.स. 495 मध्ये उत्तर वेई घराण्याच्या सम्राटाने बातुओ या भारतीय भिक्षूसाठी बांधला, म्हणजे तो मुळातच परदेशातून आलेल्या गुरूसाठी उभा राहिला. 621 मध्ये तेथील भिक्षूंनी तांग घराण्याचा राजपुत्र ली शिमिन याला युद्धात साहाय्य केले. 728 च्या शिलालेखात त्याची नोंद आहे. तरीही मिंग घराण्याच्या काळात (चौदावे ते सतरावे शतक) त्यांची ख्याती होती ती प्रामुख्याने लाठीसाठी, आणि मोकळ्या हातांची जी विद्या तू शिकणार आहेस तिला त्या काळाच्या अखेरीस महत्त्व येऊ लागले. पुढे 1928 मध्ये एका लष्करी सरदाराच्या सैन्याने मठ जाळला, आणि 1966 पासूनच्या माओच्या सांस्कृतिक क्रांतीत उरल्यासुरल्या भिक्षूंचाही छळ झाला. मोजक्या वृद्धांच्या शरीरात जे टिकून राहिले, तेच आज जगभर शिकवले जाते.

येथे एक आग्रहाची विनंती. पहिल्याच दिवशी वर्गात ‘हे सारे बोधिधर्माने भारतातून नेले’ असे सांगू नकोस. बोधिधर्म हा बौद्ध भिक्षू दक्षिण भारतातून चीनमध्ये आला ही परंपरा आदरणीय आहे आणि ध्यानमार्गात त्याचे स्थान मोठे आहे. परंतु व्यायाम आणि मुष्टियुद्ध त्याच्या नावाशी जोडणारा ‘यीजिन जिंग’ हा ग्रंथ सतराव्या शतकातला, त्याच्यानंतर हजारहून अधिक वर्षांनी लिहिलेला आहे. ज्या विद्येसाठी चिनी भिक्षूंनी पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला, तिच्यावर आपण ऐकीव कथेच्या बळावर हक्क सांगणे मला अन्यायाचे वाटते.

आता परदेशी गेलेल्या गुरूंविषयी. शी यान मिंग यांचे उदाहरण तुझ्याच शहरातले आहे. 1992 मध्ये शाओलिनच्या भिक्षूंच्या पथकाबरोबर ते अमेरिकेच्या दौऱ्यावर आले, सॅन फ्रान्सिस्कोत पथकापासून वेगळे झाले आणि पुढे मॅनहॅटनमध्ये त्यांनी स्वतःचे मंदिर उभारले. तेथे ते सामान्य स्त्री-पुरुषांना शिकवू लागले. वू-टँग क्लॅन या गायकसमूहाचा आरझा हाही त्यांचा शिष्य. मांसाहार, मद्य आणि संसार यांवरून त्यांच्यावर टीका झाली. भिक्षूचे नियम कोणी किती पाळावेत हा मला गौण प्रश्न वाटत नाही. परंतु त्यांची शिकवण अशी की ध्यान आणि कवायत या दोन गोष्टी नाहीत, ठोसा मारतानाही मन तेथेच हवे, आणि हे सूत्र त्यांनी परक्या भाषेत, परक्या लोकांत सोडले नाही. मूळ मठात सारे आपोआप पवित्र राहते असेही नाही: 2025 मध्ये तेथील मठाधिपतींवर गंभीर आरोप होऊन त्यांचे भिक्षुत्वाचे प्रमाणपत्र रद्द झाले.

म्हणून तुझ्या गुरूंची पारख मठाच्या नावावरून करू नकोस. ‘शी’ हे शाक्यमुनींवरून घेतलेले कुलनाम सर्वच चिनी भिक्षू लावतात, आणि ‘यान’ हे चौतिसाव्या पिढीचे अक्षर त्या पिढीतल्या अनेक शिष्यांच्या नावात आढळते. त्यामुळे नुसत्या नावाने काही सिद्ध होत नाही. ते ‘मा बू’ म्हणजे घोडेस्वारासारखी मांड्या वाकवलेली स्थिती किती काळ धरायला लावतात, कंटाळलेल्या विद्यार्थ्याकडे कसे पाहतात, नवख्याची चूक स्वतः उठून दुरुस्त करतात की सहाय्यकावर सोपवतात, आणि वर्गानंतर शांत बसण्यासाठी वेळ ठेवतात की नाही, हे पाहा. शुल्क घेण्यात कमीपणा नाही. मॅनहॅटनमधले भाडे दानपेटीतून निघत नसते. मात्र वर्षभराच्या करारावर पहिल्या आठवड्यातच सही मागणारा, किंवा पैसे भरले की वरची श्रेणी देणारा गुरू असेल, तर नम्रपणे निरोप घे.

पहिले काही महिने नवे डावपेच मागू नकोस. ‘श्याओ होंग छुआन’ हा पायाचा क्रम शिकवला, तर तोच रोज कर. तुझी खोली लहान आहे ही सबब चालणार नाही, कारण बैल बसेल एवढ्या जागेत मुष्टिविद्या करता यावी असे शाओलिनमध्ये म्हणतात, आणि हा क्रमही बहुतांशी एका सरळ रेषेत पुढे-मागे चालतो. गुडघे दुखू लागले तर स्थिती थोडी उंच ठेव, गुरूंना त्याच दिवशी सांग, आणि ते काय उत्तर देतात ते मला सविस्तर कळव.

तुझा हितचिंतक