क्लॅरिनेट घेऊन लंडनला यायचं म्हणतोस, तर...

व्हिसा, फी, बँकेतली शिल्लक हे सगळं सरकारी पानांवर आहे, ते सोडतो. तू विचारलंस, नाशिकला भद्रकालीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो, सॅक्सोफोनही जमतो, तर तिकडे जॅझ आणि ऑर्केस्ट्रा दोन्हींवर पोट भरेल का? भरतं. माझं भरतंय.

वेस्ट एंडच्या, म्हणजे लंडनच्या नाट्यगृहांच्या वस्तीतल्या, संगीत नाटकांत वादक रंगमंचाखालच्या खड्ड्यात बसतात. एकाच खुर्चीला क्लॅरिनेट, फ्लूट, सॅक्सोफोन, कधी ओबोसुद्धा. वाद्यं जास्त तसे पैसे जास्त. नवा माणूस बदलीवर शिरतो. एखाद्या प्रयोगाला मूळ वादकाशेजारी बसून पानं बघायची, मग थेट वाजवायचं, तालीम नाही. चुकलास तर कोणी ओरडत नाही, फोन यायचा बंद होतो. म्हणून नोटेशन वाचायला आजच लाग. बोटांचा घोळ वेगळाच: तीच बोटं ठेवून वरच्या सुरांत जाताना सॅक्सोफोन सप्तकभर चढतो, क्लॅरिनेट थेट बाराव्या सुरावर.

कागदपत्रांचं म्हणशील तर, क्लॅरिनेटचं काळं लाकूड शिसवीच्या भावकीतलं. २०१७ मध्ये त्याच्या व्यापाराला परवाने लागू झाले. २०१८ मध्ये मी परदेशातून जुनी क्लॅरिनेट मागवली, ती सात आठवडे कस्टममध्ये पडून. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. माझी चार कामं तोवर गेली होती.

मुलीचं मात्र अजून सलतं. नाशिकला चौथीपर्यंत इंग्रजी माध्यमात शिकलेली पोर. इथल्या शाळेने नुसतं आडनाव वाचून ‘इंग्रजी न येणाऱ्यां’च्या गटात बसवली. वर्षभर. मी भांडलो नाही, कारण संध्याकाळी प्रयोग असायचे.

एकटेपणाचं विचारलंस. सवय होते.

इथल्या गुरूंनी पहिलं वर्षभर माझ्या क्लॅरिनेटमधली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, काढून टाकली. ऑर्केस्ट्रात सूर सरळ हवा, शेजारच्यात मिसळायला हवा. त्यांचं बरोबरच होतं, त्यावरच घर चालतं. जॅझमध्ये सूर वाकवतात, पण ते वाकवणं वेगळं. गेल्या डिसेंबरात पंचवटीत चुलतभावाच्या वरातीत दादाने क्लॅरिनेट हातात दिली. बापूंची होती. मी वाजवली, पोरं नाचलीही. दादा ऐकत होता. नंतर चहा पिताना म्हणाला, “सूर अगदी चोख लागतो रे आता तुझा.” आणि क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवून दिली.